रूटच्या वाटेवरची दारे

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसच्या फाइल-परवानग्या कशा तपासाव्यात आणि कशा दुरुस्त कराव्यात

वाराणसीत हस्तलिखितांचे स्कॅनिंग करणाऱ्या एका लहान संस्थेचा सर्व्हर काही वर्षे माझ्याकडे सांभाळायला होता. एका सकाळी तिथून फोन आला, "दादा, स्कॅनचे फोल्डरच दिसत नाही." रात्री दोन वाजता रूटच्या, म्हणजे यंत्रावर पूर्ण अधिकार असलेल्या खात्याच्या, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेतून) बॅकअपची स्क्रिप्ट चालत असे. काही महिन्यांपूर्वी स्कॅनिंगवरच्या मुलाला चित्रे साठवता येईनात, म्हणून कोणीतरी वरच्या फोल्डरपासून आतल्या सगळ्याला ७७७ परवानगी देऊन टाकली होती. स्क्रिप्टही त्याच फोल्डरात होती. पुढे डिस्क भरत आली, तेव्हा त्या मुलाने बॅकअपला जागा व्हावी म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला जुनी चित्रे पुसणारी एक ओळ लिहिली. पुसायच्या फोल्डरचे नाव होते 'स्कॅन जुने'. नाव अवतरणचिन्हांत नव्हते, त्यामुळे संगणकाने 'स्कॅन' आणि 'जुने' अशी दोन नावे वाचली आणि 'स्कॅन' हे चालू फोल्डर मुळासकट पुसले.

आदल्या रात्रीची प्रत वेगळ्या डिस्कवर होती, म्हणून गेले ते एका दिवसाचे काम. पण त्या दिवशीची पाने पुन्हा स्कॅन करावी लागली. जुन्या पोथीचे पान उलटले की कडेचा थोडा कागद झडतोच. ती पाने आमच्या चुकीमुळे दुसऱ्यांदा उलटली गेली.

तो मुलगा हल्लेखोर नव्हता. त्याने मदतच करायला घेतली होती. पण ज्या दारातून तो आत आला, त्याच दारातून वाईट हेतूचा माणूसही आला असता आणि त्या रात्री सर्व्हर त्याच्या ताब्यात गेला असता. हे दार कसे ओळखायचे आणि कसे बंद करायचे, ते इथे क्रमाने सांगतो. शाळा, वाचनालय, पतसंस्था, दवाखाना, कुठलाही लिनक्स किंवा विंडोज सर्व्हर तुमच्याकडे असेल, तर हे काम तुमचेही आहे. आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांतच टंकायची.

घरधनी, घरातले आणि बाकीचे

कोणी लॉगिन केलेले नसतानाही जी कामे चालू असतात, ती पार्श्वभूमीवरच्या सर्व्हिस करतात. वेब सर्व्हर, छपाईची रांग, डेटाबेस, लॉग फिरवणारी यंत्रणा, रात्रीचा बॅकअप या सगळ्या सर्व्हिसच. युनिक्सच्या जगात त्यांना 'डीमन' म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळला. यातल्या बऱ्याच सर्व्हिस रूट म्हणून सुरू होतात आणि रूटला यंत्रावर काहीही करता येते.

प्रत्येक फाइलला तीन जणांसाठी परवानग्या असतात : मालक, गट आणि इतर. वाराणसीच्या ब्रह्मघाटावरच्या जुन्या मराठी वाड्यांत घरधनी, घरातली माणसे आणि गल्लीतली माणसे असा जो फरक असे, तोच इथे आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. म्हणून ६४० म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला फक्त वाचणे आणि इतरांना काहीच नाही. ७७७ म्हणजे वाड्याची सगळी दारे रात्रंदिवस सताड उघडी.

फोल्डरच्या बाबतीत मात्र या अंकांचा अर्थ बदलतो आणि बहुतेक चुका इथेच होतात. फोल्डरवर लिहिण्याची आणि आत जाण्याची परवानगी असलेला माणूस, पुढे येणारा स्टिकी बिट नसेल तर, आतली कुठलीही फाइल पुसू शकतो, तिचे नाव बदलू शकतो, तिच्या जागी त्याच नावाची स्वतःची फाइल ठेवू शकतो. मूळ फाइल त्याला वाचताही येत नसली, तरी हे जमते. पेटीला भक्कम कुलूप असले आणि पेटी ठेवलेल्या खोलीला दारच नसले, तर कोणीही पेटीच बदलून नेईल.

यातून एकच नियम निघतो : रूट ज्याच्या भरवशावर काम करतो, त्याला रूटखेरीज कोणाचाही हात लागता कामा नये. त्यात स्क्रिप्ट आली, तिची सेटिंगची फाइल आली आणि तिथवर जाणाऱ्या वाटेवरचे प्रत्येक फोल्डरही आले.

अर्धी दुरुस्ती

त्या सकाळी मी स्क्रिप्ट आणि तिचे फोल्डर यांचा मालक रूट केला, स्क्रिप्टला ७०० आणि फोल्डरला ७५५ परवानगी दिली आणि काम संपले असे मानले. ते संपलेले नव्हते. काही दिवसांनी 'नेमआय -एल' ही आज्ञा स्क्रिप्टच्या पूर्ण पत्त्यासह चालवली. ही आज्ञा मुळापासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. परवानगी ती अक्षरांत देते, मी अंकांत मांडतो :

मूळ फोल्डर : मालक रूट, ७५५
एसआरव्ही : मालक रूट, ७५५
पोथी : मालक स्कॅन, ७७७
स्क्रिप्ट : मालक रूट, ७५५
बॅकअप.एसएच : मालक रूट, ७००

तिसरी पायरी पाहा. 'पोथी' फोल्डरात कोणालाही लिहिता येत होते. म्हणजे कोणीही 'स्क्रिप्ट' फोल्डरचे नाव बदलून तिथे त्याच नावाचे स्वतःचे फोल्डर ठेवले असते आणि रात्री दोन वाजता रूटने त्यातली बॅकअप.एसएच निमूटपणे चालवली असती. शेवटच्या ओळीतल्या ७०० चा काही उपयोग झाला नसता.

म्हणून दुरुस्ती वरून खाली, पायरी पायरीने करा. आम्ही स्क्रिप्ट त्या फोल्डरातून कायमची हलवून 'यूएसआर-लोकल-एसबिन'मध्ये ठेवली. चालवायच्या गोष्टी एका जागी आणि लोकांनी लिहायच्या गोष्टी दुसऱ्या जागी. एवढी फारकत केली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मोठ्यांच्या घरीही हेच

वाराणसीतच आयआयटी बीएचयूमध्ये 'परम शिवाय' हा महासंगणक आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानात, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तो उभारला आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. अशा यंत्रावर अनेक संशोधक एकाच वेळी कामे लावतात आणि त्यांची रांग पार्श्वभूमीवरची सर्व्हिस सांभाळते. जगभरच्या महासंगणकांवर या कामासाठी स्लर्म हे सॉफ्टवेअर फार वापरले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्लर्मने एक गंभीर दोष दुरुस्त केला. रूट म्हणून चालणारी त्याची सर्व्हिस फाइल तपासते आणि मग ती वापरते. या दोन क्षणांमधल्या फटीत साध्या वापरकर्त्याला नको त्या फाइलची मालकी मिळवता येत होती.

२०१६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पॅकेजमध्ये असाच दोष सापडला. लॉगच्या फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या कमी अधिकाराच्या खात्याकडे होती. त्या खात्यात शिरलेला माणूस लॉगची फाइल काढून तिच्या जागी दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवणारी लिंक ठेवू शकत होता. तेव्हा डेबियनवर रोजची ठरावीक कामे सहसा सकाळी ६:२५ ला चालत. त्या वेळी लॉग फिरले की रूटच ती फाइल नव्याने उघडायचा आणि लिंकने दाखवलेल्या जागी लिहिण्याची वाट मोकळी व्हायची. हल्लेखोराने फक्त सकाळ होण्याची वाट पाहायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये डेबियनने दुरुस्ती दिली.

विंडोजही यातून सुटलेले नाही. जुलै २०२१ मध्ये उघड झाले की विंडोज १० च्या १८०९ व त्यापुढच्या आवृत्त्यांत पासवर्डची गुप्त माहिती असलेल्या सिस्टिम फाइल साध्या वापरकर्त्यालाही वाचण्याची परवानगी होती. चालू फाइल यंत्रणेने धरून ठेवलेली असे, पण तिच्या शॅडो प्रतींतून, म्हणजे विंडोजने मागे जपलेल्या प्रतींतून, ती वाचता येई. परवानगी दुरुस्त करूनही जुन्या शॅडो प्रती हाताने पुसाव्या लागल्या, कारण जुन्या प्रतीत जुनीच परवानगी होती. हे लक्षात ठेवा : दुरुस्ती केल्यावर जुन्या प्रती, जुने बॅकअप, जुने लॉग यांनाही तोच नियम लावायचा.

पहिली पायरी : आहे ते लिहून ठेवा

काहीही बदलण्याआधी सध्याची स्थिती जपा. 'गेटएफएसीएल' ही आज्ञा मोठ्या '-आर'सह चालवली की ती फोल्डरातल्या प्रत्येक गोष्टीचा मालक, गट आणि परवानगी लिहून देते. तो निकाल तारखेसह फाइलमध्ये साठवा. काही बिघडले तर 'सेटएफएसीएल'ला 'रिस्टोअर' हा पर्याय आणि तीच फाइल देऊन मागे येता येते. परवानग्यांची नोंद नसली, तर नुसत्या आठवणीवर त्या परत लावता येत नाहीत.

दुसरी पायरी : रूट काय काय चालवतो ते पाहा

'पीएस -ईएफ'ने चालू असलेले सगळे काम आणि ते कोणाच्या नावावर आहे ते दिसते. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स'ने सर्व्हिसची आणि 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स'ने वेळेवर चालणाऱ्या कामांची यादी मिळते. मग क्रॉनकडे वळा : 'ईटीसी'मधली क्रॉनटॅब फाइल, क्रॉन.डी फोल्डर, रोजच्या व आठवड्याच्या कामांची फोल्डरे आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची क्रॉनटॅब. जुन्या सर्व्हरवर रात्रीची कामे इथेच विसरून पडलेली असतात.

यातल्या प्रत्येक रूट-कामासमोर कागदावर लिहा : ते कुठली फाइल चालवते, सेटिंग कुठून वाचते, पासवर्ड कुठे ठेवला आहे, लॉग कुठे लिहिते, तात्पुरत्या फाइल कुठे ठेवते. मग यातल्या प्रत्येक पत्त्यावर 'नेमआय -एल' चालवा. दहा सर्व्हिस असतील तर अर्धा दिवस जातो. तो द्या.

सुडोच्या नियमांवरही नजर टाका. एखाद्याला रूटच्या अधिकाराने एकच स्क्रिप्ट चालवण्याची मुभा दिलेली असते आणि ती स्क्रिप्ट त्यालाच बदलता येत असते. मग त्याला काहीही चालवण्याची मुभा दिल्यासारखेच झाले. डॉकरच्या गटात घातलेला माणूसही प्रत्यक्षात रूटच्या बरोबरीचा असतो, कारण डॉकरच्या सॉकेटवर लिहिता येणे म्हणजे रूटकडून काम करवून घेणे.

तिसरी पायरी : उघडी दारे शोधा

'फाइंड' ही आज्ञा इथे कामाची. मुळापासून '-एक्सडेव्ह -टाइप एफ -पर्म -०००२' असे शोधले की कोणालाही लिहिता येणाऱ्या फाइल सापडतात. फोल्डरसाठी 'एफ'च्या जागी 'डी' घाला आणि ज्यांवर १००० चा स्टिकी बिट आहे ती वगळा. टीएमपी फोल्डर १७७७ असते ते योग्यच आहे : तिथे सगळे लिहितात, पण स्टिकी बिटमुळे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. '-नोयूझर' घातले की मालक हरवलेल्या फाइल दिसतात. काम सोडून गेलेल्या माणसाचे खाते पुसल्यावर त्या मागे उरतात आणि उद्या तोच क्रमांक नव्या खात्याला मिळाला तर आयत्या त्याच्या होतात. '-पर्म -४०००'ने सेटयूआयडी फाइल मिळतात. त्या कोणीही चालवल्या तरी मालकाच्या अधिकाराने चालतात. 'होम' किंवा 'एसआरव्ही'मध्ये रूटची अशी फाइल दिसली तर हातातले काम थांबवून आधी तिचा छडा लावा.

'-एक्सडेव्ह'मुळे शोध एकाच फाइल-सिस्टिममध्ये राहतो. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर तिथे तो वेगळा चालवा.

चौथी पायरी : नेमकी दुरुस्ती

सर्वांना लागू पडेल असे साधे माप असे. रूट चालवतो ती स्क्रिप्ट : मालक रूट, ७५५ किंवा ७००. तिचे फोल्डर : रूट, ७५५. पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल : मालक रूट, गट त्या सर्व्हिसचा, ६४०. पासवर्ड सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लिहू नका, ती सगळ्यांना वाचता येते. वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवा आणि तिला ६०० द्या.

माणसांना एकत्र काम करायचे असेल तर ७७७ ऐवजी गट वापरा. स्कॅनिंगवाल्यांचा एक गट केला, चित्रांच्या फोल्डरला तो गट लावला आणि २७७० दिले. त्यातल्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची होते. सोबत यूमास्क ०००७ ठेवला की ती फाइल गटातल्या दुसऱ्यालाही लिहिता येते आणि बाहेरच्या कोणाला दिसत नाही. आमच्या मुलाला ७७७ ची गरज कधीच नव्हती. त्याला हा गट हवा होता.

'सीएचमॉड' आणि 'सीएचओन' मोठ्या '-आर'सह चालवताना पत्ता दोनदा वाचा. मुळावर किंवा पूर्ण 'व्हीएआर'वर ते कधीही चालवू नका. सुडो चालेनासा होतो, एसएसएच किल्ली नाकारतो आणि यंत्र पुन्हा बसवावे लागते. फोल्डर व फाइल एकत्र सुधारायच्या असतील तर लहान एक्सऐवजी मोठा एक्स वापरा. तो फोल्डरांना आत जाण्याची परवानगी देतो, पण साध्या फाइलला चालवता येण्याजोगी करत नाही. आणि इतरांना लिहिता येणाऱ्या फोल्डरात रूटने '-आर'ने मालकी बदलू नये. आत कोणी लिंक पेरून ठेवली असेल तर भलत्याच फाइलची मालकी भलत्याकडे जाते. लिनक्सच्या गाभ्यात ३.६ आवृत्तीपासून अशा लिंकविरुद्ध संरक्षण आहे, 'एफएस.प्रोटेक्टेड_हार्डलिंक्स' आणि 'एफएस.प्रोटेक्टेड_सिमलिंक्स' यांची किंमत १ आहे ना, ते पाहा.

चालू स्क्रिप्ट जागच्या जागी बदलू नका. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत जातो, त्यामुळे मधूनच नवा भाग वाचला गेला आणि सुमारे ७७ टेराबाइट संशोधन पुसले गेले. नवी फाइल वेगळ्या नावाने लिहा, तपासा आणि मग 'एमव्ही'ने जुन्या नावावर आणा.

पाचवी पायरी : रूटच काढून घ्या

परवानग्या कितीही नीट लावल्या, तरी उद्या कोणाची तरी चूक होणारच. म्हणून सर्व्हिसला गरजेपुरताच अधिकार द्या. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि सर्व्हिसचे नाव एवढे टंकले की मूळ फाइलला हात न लावता वेगळे बदल लिहिता येतात. पॅकेज अद्ययावत झाले तरी ते टिकतात. तिथे 'यूझर'मध्ये त्या सर्व्हिसचे स्वतंत्र खाते द्या. 'प्रोटेक्टसिस्टम'ला 'स्ट्रिक्ट' दिले की जवळजवळ पूर्ण डिस्क तिच्यासाठी फक्त वाचायची होते. लिहायची जागा 'रीडराइटपाथ्स'मध्ये नेमकी सांगा. 'प्रायव्हेटटीएमपी'ने तिला स्वतःचे टीएमपी मिळते. 'नोन्यूप्रिव्हिलेजेस'ने सेटयूआयडी फाइलच्या आधारे अधिकार वाढवण्याचा रस्ता बंद होतो. 'स्टेटडिरेक्टरी' आणि 'लॉग्सडिरेक्टरी' वापरले की योग्य मालकीची फोल्डरे सिस्टमडी स्वतःच तयार करतो.

'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ सिक्युरिटी' ही आज्ञा सर्व्हिस किती उघडी आहे ते ० ते १० मध्ये सांगते. पहिल्या दिवशीच सगळे कडक करू नका. एक बदल, मग रीस्टार्ट, मग दिवसभर लॉग, मग दुसरा बदल. लॉग फिरवण्याच्या सेटिंगमध्ये 'एसयू' आणि 'क्रिएट' या ओळी घालून, लॉग कोणत्या खात्याने फिरवायचे आणि नवी फाइल कोणाच्या मालकीची करायची, ते स्पष्ट सांगा.

विंडोज असेल तर

लहान कार्यालयांत हिशेबाचे किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर थेट नवे फोल्डर करून बसवलेले असते आणि त्याची सर्व्हिस लोकलसिस्टिम म्हणून, म्हणजे विंडोजच्या जवळजवळ पूर्ण अधिकाराच्या खात्याने, चालते. सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरात लॉगिन केलेल्या कोणालाही बदल करण्याची परवानगी सहसा आपोआप येते. म्हणजे समोर बसलेला कोणीही सर्व्हिसची फाइल बदलू शकतो. 'आयकॅकल्स'ने परवानग्या पाहा. शक्य असेल तर सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवा; नाहीतर त्या फोल्डरावरून वारशाने आलेली परवानगी तोडून लिहिण्याचा हक्क फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम यांना ठेवा. सर्व्हिसच्या पत्त्यात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत आहे ना, हेही बघा. आमच्या 'स्कॅन जुने'सारखाच तुटका पत्ता विंडोजही वाचतो.

सहावी पायरी : खरेच बंद झाले का?

सर्व्हिसच्या खात्याने आणि साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने, दोन्हींनी त्या फोल्डरांत 'टच'ने फाइल तयार करून पाहा. जिथे नकार यायला हवा तिथे नकार येतो का आणि जिथे काम व्हायला हवे तिथे होते का, दोन्ही तपासा. परवानगी इतकी आवळली की काम अडले, तर चार दिवसांत कोणीतरी पुन्हा ७७७ करेल. डेबियनवर पॅकेजच्या फाइलची परवानगी बदलली असेल तर ती 'डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड'ने नोंदवा, म्हणजे अपडेटमध्ये पुसली जाणार नाही. आरपीएम वापरत असाल तर 'आरपीएम -व्हीए' मूळ परवानगीतला फरक दाखवते.

तपासात कोणी खरोखर घुसल्याच्या खुणा दिसल्या, तर परवानगी सुधारून गप्प बसू नका. यंत्र नेटवर्कपासून तोडा, लॉग व डिस्कची प्रत जपा आणि खात्रीच्या मूळ प्रतीवरून सिस्टिम नव्याने बसवा. एकदा रूट मिळालेल्या माणसाने मागचे दार कुठे ठेवले असेल याचा भरवसा नसतो. भारत सरकारच्या सायबर सुरक्षेच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ६ तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणून लॉगच्या फोल्डरची परवानगी आजच नीट करा; घुसलेला माणूस पहिल्यांदा तेच पुसायला जातो.

सुरुवात मोठी लागत नाही. आज संध्याकाळी तुमच्या रात्रीच्या बॅकअपच्या एका स्क्रिप्टवर 'नेमआय -एल' चालवा आणि प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा. काम करणाऱ्याला बोलावून शेजारी बसवा, त्याला साठवायला नेमकी जागा कोणती लागते ते विचारा आणि तेवढीच द्या. आमच्याकडे गट आणि २७७० लावल्यावर त्या मुलाला पुन्हा स्क्रिप्टकडे जायची गरज पडली नाही आणि माझ्या काळात एकाही पोथीचे पान आमच्यामुळे दुसऱ्यांदा उलटावे लागले नाही.